एक्सॉनने पत्रकारांना खोटं ठरवलं, कागदांना नाही

प्रश्न: पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'तेल-कोळसा जाळल्याने पृथ्वी तापते हे एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीला आधीपासून माहीत होतं' असं सांगणाऱ्या २०१५ च्या अमेरिकन शोधबातम्या आम्हाला अभ्यासाला आहेत. कंपनीचं म्हणणं, पत्रकारांनी जुन्या कागदांतली सोयीची वाक्यं उचलली. पत्रकारांचं म्हणणं, कागद कंपनीचेच आहेत. पुढे न्यूयॉर्कच्या कोर्टात कंपनी जिंकलीसुद्धा. मग बातमी चुकली होती का? आणि बातमी खोटी असेल तर कंपनीने बदनामीचा दावा का लावला नाही? मी सध्या एका कारखान्याच्या सांडपाण्यावर लिहिते आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायचं आहे.

उत्तर: तुमच्या प्रश्नात तीन वेगळे वाद एकमेकांत मिसळले आहेत. कागद खरे होते का, पत्रकार सचोटीने वागले का, आणि कायद्याच्या भाषेत फसवणूक झाली का. यातल्या एका वादात कंपनी जिंकली म्हणून बाकीचे दोनही ती जिंकली, असा समज गेली काही वर्षं पसरला आहे. तो आधी बाजूला ठेवू.

माझी बहुतेक नोकरी डेस्कवर गेली. शोधबातमी छापण्याआधी तिचा कीस काढायचा आणि छापल्यावर येणाऱ्या खुलाशांना तोंड द्यायचं, हे काम. त्यातून एक सवय लागली. खुलासा आला की तो बातमीच्या कात्रणाशेजारी ठेवायचा आणि बातमीतल्या ज्या वाक्यांना खुलाशाने हातच लावलेला नाही, त्यांच्याखाली लाल रेघ मारायची. खुलासा कितीही तावातावाने लिहिलेला असो, रेघा सगळं सांगतात. एक्सॉनचा खुलासा असाच वाचू.

आधी बातम्या काय होत्या ते थोडक्यात. दोन वेगळ्या चमू एकाच सुमारास एकाच विषयावर काम करत होत्या. 'इनसाइड क्लायमेट न्यूज' या छोट्या संस्थेने १६ सप्टेंबर २०१५ पासून आपली मालिका सुरू केली. नीला बॅनर्जी, लिसा साँग, डेव्हिड हॅसमायर आणि जॉन कुशमन हे तिचे लेखक. दुसरी चमू कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातली, सुझॅन रस्ट यांच्या हाताखाली काम करणारे तरुण पदवीधर. त्यांची पहिली बातमी ९ ऑक्टोबरला 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये आली. कागद कुठून आले, हे तुम्ही नक्की लक्षात ठेवा. कुणी कपाट फोडलं नव्हतं. काही कागद निवृत्त कर्मचाऱ्यांनी जपून ठेवलेले. बरेचसे टेक्सास विद्यापीठातल्या ऑस्टिनच्या अभिलेखागारात, जिथे एक्सॉनने स्वतःच आपला ऐतिहासिक दप्तरसाठा दिला होता. आणि कॅनडातल्या उपकंपनीचे, इंपीरियल ऑइलचे, कॅल्गरीच्या ग्लेनबो संग्रहालयात. कुणीही रीतसर अर्ज करून बघावेत असे. फक्त कुणी बघितले नव्हते.

त्या कागदांत होतं काय? जुलै १९७७ मध्ये जेम्स ब्लॅक या एक्सॉनच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाने कंपनीच्या व्यवस्थापन समितीसमोर सादरीकरण केलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वीचं सरासरी तापमान दोन-तीन अंशांनी वाढेल, ध्रुवांकडे वाढ दहा अंशांपर्यंत जाऊ शकेल, असं त्याने सांगितलं. पुढच्या वर्षीच्या टिपणात त्याने लिहिलं की ऊर्जेच्या धोरणाबद्दल कठीण निर्णय घेण्याची वेळ येईपर्यंत माणसाकडे पाच ते दहा वर्षं आहेत. समोर बसलेली माणसं पर्यावरणवादी नव्हती, जगातल्या सगळ्यात मोठ्या तेल कंपन्यांपैकी एकीचे कारभारी होते.

आणि त्यांनी ते ऐकून सोडून दिलं नाही, हे या गोष्टीतलं मला सगळ्यात रंजक वाटतं. १९७९ मध्ये 'एस्सो अटलांटिक' या महाकाय टँकरवर हवेतला आणि समुद्राच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणं बसवली. मेक्सिकोचं आखात ते पर्शियन आखात अशा फेऱ्या मारता मारता तीन वर्षं मोजमाप चालू. खर्च दहा लाख डॉलरच्या वर. तेल वाहणारं जहाजच तेलाचे परिणाम मोजत फिरत होतं! या कामात बरोबर होते लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेचे तारो ताकाहाशी. ही वेधशाळा कोलंबिया विद्यापीठाची. कोलंबियाशी असलेलं हे नातं लक्षात ठेवा, थोड्या वेळाने परत लागेल.

(जुन्या मुंबईकरांना 'एस्सो' म्हटल्यावर पेट्रोल पंप आठवतील. ती हीच कंपनी. तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची, जी रिफायनरी आज हिंदुस्थान पेट्रोलियमची आहे, ती १९७४ पर्यंत एस्सोची होती. सरकारने त्या वर्षी कायदा करून ताब्यात घेतली.)

१९८० च्या दशकात तेलाचे भाव घसरले, संशोधनाला कात्री लागली, टँकरचं काम १९८२ मध्ये थांबलं. इथवर कंपनीला दोष द्यावा असं फारसं काही नाही. गोष्ट वळते ती पुढे. १९८९ मध्ये तेल, कोळसा आणि मोटारउद्योगाच्या कंपन्यांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' ही हवामान धोरणांना विरोध करणारी संघटना काढली, तिच्यात एक्सॉन होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये, उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो कराराच्या तोंडावर, एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड बीजिंगच्या जागतिक पेट्रोलियम परिषदेत म्हणाले की धोरणं आता लागू केली काय आणि वीस वर्षांनी केली काय, पुढच्या शतकाच्या मध्यावरच्या तापमानावर त्याचा लक्षणीय परिणाम होण्याची शक्यता अगदी कमी आहे. त्याच भाषणात त्यांनी पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड आहे असंही सांगितलं. ब्लॅकच्या टिपणाला तोवर एकोणीस वर्षं झाली होती.

आता खुलाशाकडे. २० नोव्हेंबर २०१५ रोजी, पॅरिसची हवामान परिषद दहा दिवसांवर असताना, एक्सॉनचे जनसंपर्क आणि सरकारी व्यवहारांचे उपाध्यक्ष केनेथ कोहेन यांनी पत्र लिहिलं. पत्र 'लॉस एंजेलिस टाइम्स'च्या संपादकाला उद्देशून नव्हतं. सुझॅन रस्टनाही नव्हतं. ते होतं कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष ली बॉलिंजर यांना. बातमीदाराला सोडून थेट मालकाला गाठायचं, ही रीत आपल्याकडेही कुणाला नवी नाही. जाहिरात विभागाच्या माणसाचा फोन आधी येतो आणि खुलासा नंतर, हे प्रत्येक जिल्हा आवृत्तीत माहीत आहे. कोहेन यांनी पत्रात विद्यापीठाशी कंपनीचे संशोधनाचे, विधी आणि व्यवसाय विभागांशी असलेले, पदवीधरांना नोकऱ्या देण्याचे जुने संबंध आठवणीने नोंदवले. धमकी कुठेही नाही. तशी ती कधीच लिहिलेली नसते. गंमत म्हणजे बॉलिंजर हे अमेरिकेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायद्याचे नावाजलेले अभ्यासक. चुकीचं दार ठोठावलं, इतकंच.

पत्रातले आरोप कोणते? पत्रकारांनी संदर्भ तोडून वाक्यं उचलली, कंपनीच्या बाजूचे कागद दडवले, कंपनीला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, हे सगळं विद्यापीठाच्या संशोधनविषयक नियमांचा भंग करणारं आहे, आणि प्रकल्पाला पैसा देणारे लोक हवामान चळवळीतले आहेत.

उत्तर दिलं पत्रकारिता विभागाचे अधिष्ठाता स्टीव्ह कोल यांनी, १ डिसेंबरला. हा गृहस्थ स्वतः मुरलेला शोधपत्रकार. एक्सॉनवरच त्याचं एक जाडजूड पुस्तक तीन वर्षांपूर्वी आलेलं, त्यामुळे कंपनीची नस ओळखणारा. त्याने आरोप एकेक घेऊन तपासले आणि लिहिलं की त्यांना पुराव्याचा आधार नाही. पुढचं वाक्य जास्त बोचरं होतं. बातमीदारांनी कंपनीशी केव्हा संपर्क साधला आणि काय विचारलं, याचे ई-मेल कंपनीच्या स्वतःच्या माध्यम विभागाकडे पडलेले असताना कंपनीने उलटा आरोप केला, याचा आपल्याला त्रास झाला, असं त्याने नोंदवलं. म्हणजे कोलने हा वाद तत्त्वांवर जिंकला नाही. तारीखवार ई-मेल होते म्हणून जिंकला. तुमच्या सांडपाण्याच्या बातमीसाठी या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

मी लाल पेन घेऊन कोहेन यांचं पत्र वाचलं तेव्हा रेघा कुठे आल्या? ब्लॅकने १९७७ मध्ये समितीला सांगितलं, याखाली. टँकरवर उपकरणं बसवली, याखाली. इंपीरियल ऑइलचा बर्फतज्ज्ञ केन क्रोसडेल याने हवामानाची भाकितं वापरून कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ बोफर्ट समुद्रात तेलाच्या खोदकामाचा हंगाम किती लांबेल याचा हिशेब मांडला, याखाली. क्रोसडेल १९९२ च्या एका परिषदेत म्हणाला होता की संभाव्य तापमानवाढीने शोधाचा आणि विकासाचा खर्च कमीच होईल. एकही कागद बनावट आहे असं पत्रात नाही. निवडीवर आक्षेप आहे, अर्थावर आक्षेप आहे, माणसांवर तर आहेच. ध चा मा केला असा आरोप करायचा, तर मूळ अक्षर 'ध'च होतं हे दाखवावं लागतं. कंपनीने जे कागद दाखवले त्यांत शास्त्रातली अनिश्चितता नोंदवलेली होती, आणि ती खरीच होती. पण ती १९८० च्या दशकातल्या कुठल्याही प्रामाणिक शास्त्रज्ञाच्या लिखाणात असायची तेवढी. तापमान किती वाढेल आणि केव्हा, याबद्दलची अनिश्चितता वेगळी आणि वाढेल की नाही याबद्दलची वेगळी. रेमंड यांच्या भाषणात पहिलीची दुसरी झाली.

कोलंबियाच्या चमूने पत्रानंतर काय केलं, तर पुढची बातमी दिली. डिसेंबर २०१५ च्या अखेरीस. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावर १९९० च्या दशकात मोबिल (ही तेल कंपनी पुढे एक्सॉनमध्ये विलीन झाली), शेल आणि इंपीरियल ऑइल यांचा सेबल वायू प्रकल्प उभा राहत होता. त्याच्या आराखड्यात अभियंत्यांनी लिहून ठेवलं होतं की तापमानवाढीमुळे पाण्याची पातळी अर्ध्या मीटरने वाढेल असं गृहीत धरावं. प्रकल्पाचं आयुष्य पंचवीस वर्षांचं. त्याच काळात या उद्योगाच्या संघटना लोकांना सांगत होत्या की शास्त्रज्ञांचंच अजून ठरलेलं नाही. अभियंत्याला चूक परवडत नाही, समुद्रात उभारलेला त्याचा फलाट बुडतो. म्हणून अशा प्रकरणात मी भाषणांआधी आराखडे आणि निविदा मागवायला सांगतो.

आता कंपनीच्या बाजूने जे खरंच बोलता येतं, ते बोललं पाहिजे. नाहीतर तुमचा अभ्यास म्हणजे एका बाजूची आरती होईल.

पहिलं, 'गुप्त' हा शब्द. मूळ बातम्या बऱ्याच संयत आहेत, पण त्यांच्यावर उभ्या राहिलेल्या घोषणांमध्ये एक्सॉनने काहीतरी गुप्त शोध लावून दडवला असं चित्र तयार झालं. ते चुकीचं आहे. हरितगृह परिणामाचा इशारा अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी १९६५ मध्येच दिला होता, आणि अमेरिकी शास्त्रज्ञांचा तापमानवाढीवरचा १९७९ चा चार्नी अहवाल सगळ्यांसमोर होता. एक्सॉनचे शास्त्रज्ञ आपले निष्कर्ष शोधनियतकालिकांत छापत होते. पन्नासहून जास्त समीक्षित शोधनिबंध आमचे आहेत, असं कंपनी छातीठोक सांगते आणि ते बरोबर आहे. मग बातमीत उरतं काय? उरतं ते अंतर. शास्त्रज्ञांना एक आणि वाचकांना दुसरं, यातलं.

हे अंतर मोजायचं आमंत्रण कंपनीनेच दिलं, हा या प्रकरणातला हात दाखवून अवलक्षणाचा भाग. वाद पेटल्यावर एक्सॉनने काही कागद आपल्या संकेतस्थळावर टाकले आणि लोकांना म्हटलं, सगळे वाचा आणि तुमचं तुम्ही ठरवा. हार्वर्डच्या जेफ्री सुप्रान आणि नाओमी ओरेस्केस यांनी ते शब्दशः मनावर घेतलं. १९७७ ते २०१४ मधले १८७ मजकूर वाचले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापला: समीक्षित निबंधांपैकी ८३ टक्के आणि अंतर्गत कागदांपैकी ८० टक्के हवामानबदल खरा आणि मानवनिर्मित असल्याचं मान्य करतात. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पैसे देऊन छापलेल्या लेखवजा जाहिरातींपैकी फक्त १२ टक्के. उलट ८१ टक्के जाहिराती शंका पेरतात.

यावर कंपनीचा आक्षेप असा की त्या जाहिराती बहुतांश मोबिलच्या, आणि मोबिल १९९९ पर्यंत वेगळी कंपनी होती. एकीचे निबंध आणि दुसरीच्या जाहिराती एकत्र मोजल्या, म्हणजे वडाची साल पिंपळाला. हा आक्षेप मला रास्त वाटला होता, आणि अभ्यासकांनी सुरुवातीलाच दोन रकाने वेगळे करायला हवे होते. २०२० मध्ये त्यांनी ते केलं. विलीनीकरणापूर्वीची एक्सॉन, मोबिल आणि नंतरची एक्सॉनमोबिल, तिघींच्याही बाबतीत दिशाभूल दिसते असा त्यांचा निष्कर्ष आहे. विलीनीकरणानंतरचं एक उदाहरण तर जाहिरातींच्या ढिगात शिरल्याशिवायही कळतं. मार्च २००० मध्ये एक्सॉनमोबिलने जाहिरात दिली, मथळ्याचा अर्थ 'शास्त्र अजून ठरलेलं नाही'. तिच्यात सारगासो समुद्राच्या गेल्या काही हजार वर्षांच्या तापमानाचा आलेख होता. तो ज्याच्या संशोधनातून घेतला ते अमेरिकेतल्या वुड्स होल सागरसंशोधन संस्थेचे लॉइड काइगविन यांनी त्याच वर्षी लेखी कळवलं की कंपनीने आपली आकडेवारी दिशाभूल होईल अशा रीतीने वापरली. एका समुद्राच्या एका कोपऱ्यावरून अख्ख्या पृथ्वीचा निकाल काढता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. संदर्भ तोडल्याचा आरोप पंधरा वर्षांनी पत्रकारांवर करणाऱ्या कंपनीबद्दल हे आहे.

२०२३ मध्ये सुप्रान, स्टेफान राम्स्टॉर्फ आणि ओरेस्केस यांनी आणखी एक काम केलं. १९७७ ते २००३ मधली एक्सॉनच्या शास्त्रज्ञांची तापमानाची भाकितं प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघितली. ६३ ते ८३ टक्के भाकितं अचूक निघाली. दर दशकाला सरासरी ०.२० अंश वाढ, असं ते सांगत होते. म्हणजे कंपनीचे शास्त्रज्ञ चांगले होते. हे कौतुक कंपनीला गिळवत नाही आणि थुंकवतही नाही.

दुसरा रास्त मुद्दा पैशाचा. कोलंबियाच्या प्रकल्पाला आणि 'इनसाइड क्लायमेट न्यूज'लाही रॉकफेलर घराण्याच्या निधीतून पैसा मिळाला होता. हे निधी हवामान चळवळीलाही पैसा देतात, त्यामुळे प्रश्न विचारणं चूक नाही. मी संपादक असतो तर देणगीदारांची नावं बातमीच्या पहिल्या पानावरच चौकटीत टाकली असती. पण प्रश्न विचारून झाल्यावर उत्तरही ऐकावं. पैसा कुणाचाही असो, १९७८ चं टिपण १९७८ मध्येच टाइप झालं होतं. आणि ते रॉकफेलर म्हणजे कोण? जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३४ तुकड्यांत फोडली. न्यू जर्सीचा तुकडा पुढे एक्सॉन झाला, न्यूयॉर्कचा मोबिल. म्हणजे ज्या तेलाने घराणं श्रीमंत झालं, त्याच तेलाच्या पैशाने त्या तेलाची चौकशी झाली. मार्च २०१६ मध्ये रॉकफेलर फॅमिली फंडाने एक्सॉनचे शेअर विकायचं जाहीर करताना कंपनीचं वागणं नैतिकदृष्ट्या निंद्य म्हटलं. घरची भांडणं अशीच असतात.

याच निधीच्या कचेरीत जानेवारी २०१६ मध्ये कार्यकर्त्यांची एक बैठक झाली. एक्सॉन ही भ्रष्ट संस्था आहे हे लोकांच्या मनात ठसवायचं, असं तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलं होतं. ती पत्रिका फुटली आणि कंपनीच्या वकिलांनी वर्षानुवर्षं फडकवली. मला ती पत्रिका उथळ वाटते. मूळ बातम्या तिच्या तीन महिने आधीच छापून आल्या होत्या, हेही तितकंच खरं.

आता कोर्ट. पहिल्या बातम्यांनंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, न्यूयॉर्कचे महाधिवक्ता एरिक श्नायडरमन यांनी कंपनीकडे कागद मागवले. पण चौकशी रेंगाळत गेली आणि शेवटी खटला उभा राहिला तो वेगळ्याच मुद्द्यावर: भविष्यातल्या कार्बन नियमांचा खर्च हिशेबात कसा धरला, याबद्दल कंपनीने गुंतवणूकदारांना फसवलं का. १० डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती बॅरी ऑस्ट्रेगर यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला. फसलो असं सांगणारा एकही गुंतवणूकदार सरकारने साक्षीला आणला नाही, हे त्यांनी नोंदवलं. आणि हेही लिहिलं की हा रोख्यांमधल्या फसवणुकीचा खटला आहे, हवामानबदलाचा नाही, आणि हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाची जबाबदारी या निकालाने कंपनीवरून दूर होत नाही. बातमीतल्या एकाही वाक्याचा या खटल्यात निवाडा झालेला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्त्यांनी ग्राहकांच्या फसवणुकीचा वेगळा दावा लावला. हा सार्वजनिक विषयावर तोंड बंद करण्यासाठी लावलेला दावा आहे, म्हणून तो सुरुवातीलाच फेटाळा, अशी मागणी एक्सॉनने केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ती मान्य केली नाही. तोंड बंद करण्याचे दावे रोखणारे कायदे पत्रकारांसारख्यांसाठी झाले, त्यांचा आसरा तेल कंपनीने मागितला. वकिलांच्या कल्पकतेला दाद द्यावी.

बदनामीचा दावा का नाही, हा तुमचा नेमका प्रश्न. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या सलिव्हन निकालापासून सरकारी पदाधिकाऱ्यांनी, आणि पुढे इतर सार्वजनिक व्यक्तींनीही, केवळ बातमी चुकली असं दाखवून भागत नाही. खोटं आहे हे ठाऊक असून, किंवा खऱ्याखोट्याची बेफिकिरी करून छापलं, हे सिद्ध करावं लागतं. मोठ्या कंपनीलाही बहुधा हीच कसोटी लागते. शिवाय दावा लावला की दुसऱ्या बाजूला तुमचं दप्तर मागायचा हक्क मिळतो. अभिलेखागारात दिलेले कागद हे निवडून दिलेले होते, आतल्या कपाटात आणखी काय आहे ते कंपनीलाच माहीत. खाजवून खरूज कोण काढेल? दावे कंपनीने लावले ते महाधिवक्त्यांवर, टेक्सासमध्ये, आणि ते प्रकरण न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात मार्च २०१८ मध्ये फेटाळलं गेलं. पत्रकारांवर एकही नाही. इनसाइड क्लायमेटची मालिका २०१६ च्या पुलित्झर या पत्रकारितेच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत गेली.

आपल्याकडे हे गणित उलटं आहे. इथे बदनामी हा दिवाणी दाव्याबरोबर फौजदारी गुन्हाही आहे, आधी भारतीय दंड संहितेची ४९९-५०० कलमं, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ते वैध ठरवलं. तोंड बंद करण्याच्या दाव्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा नाही. शंभर कोटींची नोटीस येते, दूरच्या शहरात दावा लागतो, आणि सुनावणीआधीच बातमी काढून टाकायचा अंतरिम आदेश मागितला जातो. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना अशा आदेशांबाबत सावध केलं, तो निकाल तुमच्या संपादकाच्या टेबलावर असू द्या.

भारताचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये एक्सॉनच्या वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधीकडून व्हाइट हाउसला एक टिपण गेलं. हवामानबदलाच्या आंतरसरकारी समितीचे अध्यक्ष रॉबर्ट वॉटसन यांना अमेरिकेच्या विनंतीवरून आता बदलता येईल का, असा त्यात सवाल होता. एप्रिल २००२ मध्ये वॉटसन गेले आणि अमेरिकेच्या पाठिंब्याने निवडून आले आपले राजेंद्र पचौरी. त्यांच्याच काळात, २००७ मध्ये, समितीच्या अहवालाने तापमानवाढ निर्विवाद आहे असं लिहिलं आणि तिला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

छुप्या कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्गात विषय निघेलच. २०२१ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या शोधचमूने नोकरी देणारे दलाल असल्याचं भासवून एक्सॉनचे लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी कंपनीची बाजू लावून धरणारे, कीथ मॅकॉय यांना बोलतं केलं. आम्ही काही शास्त्राविरुद्ध आक्रमकपणे लढलो का, तर हो, असं ते म्हणाले. कंपनीचे प्रमुख डॅरेन वुड्स यांनी ते कंपनीचं मत नाही म्हणत माफी मागितली. चित्रफीत गाजली, पण मला २०१५ च्या बातम्या जास्त पक्क्या वाटतात. सोंग घेऊन काढलेल्या कबुलीत वाद कायम सोंगावरच जातो. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तुमच्या कारखान्याचं. बातमी उभी राहिली की कंपनीला लेखी प्रश्न पाठवा, फोनवर नाही. प्रत्येक आरोप वेगळा आकडा टाकून, कुठल्या कागदावरून विचारता आहात ते नमूद करून. उत्तराला मुदत द्या आणि मुदतीच्या आदल्या दिवशी आठवण पाठवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नमुन्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागवताना फक्त नापास नमुने मागू नका, सगळे मागा. उद्या सोयीचे उचलले असं कुणी म्हटलं तर पूर्ण संच तुमच्याकडे हवा. कारखान्याच्या विस्तारासाठी पर्यावरण मंजुरीचा अर्ज गेला असेल तर तोही काढा, त्यात सांडपाणी किती निघणार हे कंपनीने स्वतः लिहिलेलं असतं. कंपनीचं उत्तर आलं की ते पूर्ण छापा, काटछाट न करता. आणि खुलासा प्राचार्यांकडे किंवा मालकाकडे गेला, तर घाबरून जाऊ नका, ई-मेलची फाइल घेऊन त्यांच्यासमोर जा.